होम, प्रो आणि आई

मारुंजीत राहत असाल तर ‘घरी कॉम्प्युटर घ्यायचाय’ हे वाक्य लिफ्टमध्ये बोलू नका. नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत तीन सल्ले मिळतात, तेही फुकट! हिंजवडीचं आयटी पार्क शेजारीच, त्यामुळे सोसायटीत दुसरा-तिसरा माणूस सॉफ्टवेअरवाला. आणि तिघांचाही सूर एकच, ‘घेतोच आहेस तर विंडोज प्रो घे. होम काय घेतोस!’

हा ‘घेतोच आहेस तर’ फंडा आपण फ्लॅटपासून फोनपर्यंत सगळीकडे लावतो. पण कॉम्प्युटर माझ्यासाठी नव्हताच. आईसाठी होता.

बाबा गेल्यावर आई तासगावहून इकडे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलेली बाई. मी सकाळी आठला बाहेर पडणार, लक्ष्मी चौकातलं ट्रॅफिक झेलत रात्री नऊला परत येणार. तोवर पेन्शनचं स्टेटमेंट, विजेचं बिल, एलआयसीचा हप्ता, सगळं माझी वाट बघत थांबलेलं. ‘हे काय म्हणतंय बघ रे’ असं सारखं म्हणणं तिला अजिबात आवडत नाही. वर्गातली साठ पोरं एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईला स्क्रीनवरचं एक इंग्रजी वाक्य अडवतं, हे तिला खुपतं. मलाही.

आता विंडोज ११ प्रोमध्ये जास्तीचं काय मिळतं ते बघा. ऑफिसच्या डोमेनला मशीन जोडणं, ग्रुप पॉलिसी, बिटलॉकरचा पूर्ण ताबा, हायपर-व्ही वगैरे. हे सगळं माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे आणि तिथंही ते मी नाही, आमचं आयटी डिपार्टमेंट वापरतं. आईचा ग्रुप एकच, सोसायटीतलं भजनी मंडळ. त्याची पॉलिसी ठरलेली आहे : गुरुवारी संध्याकाळी पाच. बरं, होममध्ये काही तुटकं-फुटकं मिळतं असंही नाही. रॅमच म्हणाल तर होमला १२८ जीबीपर्यंत चालते. आमच्या मशीनमध्ये १६ आहे!

प्रोच्या बाजूने एकच मुद्दा मला खरंच पटला होता. रिमोट डेस्कटॉप. म्हणजे मी दुसरीकडे बसून आईच्या मशीनमध्ये शिरणार आणि अडलेलं काम करून टाकणार. होमवरून तुम्ही दुसऱ्याच्या मशीनमध्ये जाऊ शकता, पण होमच्या मशीनमध्ये असं कुणाला येता येत नाही. जरा विचार केला तेव्हा यातली गंमत कळली. मी आत शिरलो की आईच्या समोरचा स्क्रीन लॉक होणार. म्हणजे काम होईल, पण ते कसं झालं हे तिला दिसणारच नाही. उद्या पुन्हा माझीच वाट बघणं आलं. त्यापेक्षा ‘क्विक असिस्ट’ बरं, ते होमवरही चालतं. मी फोनवर कोड सांगतो, ती तो टाकते, परवानगीही तीच देते आणि दोघांना एकच स्क्रीन दिसतो. शिवाय मधेच ‘थांब, हळू कर’ म्हणता येतं. ती म्हणतेच.

म्हणजे होम. ठरलं? छे! खरं कन्फ्युजन इथून पुढे.

दुकानात लॅपटॉप दाखवताना सेल्समन म्हणाला, ‘सर, विंडोज होम ओरिजिनल आहे.’ मी विचारलं, होम की होम सिंगल लँग्वेज? त्याने दोनदा स्पेसिफिकेशन वाचलं. सिंगल लँग्वेज निघालं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेला हा प्रकार आपल्याकडच्या तयार लॅपटॉपवर सर्रास असतो. बाकी सगळं होमसारखंच, पण मेनू आणि सूचना दाखवायची भाषा एकच. पुढे दुसरी घालायची सोय नाही. मराठी कीबोर्ड मिळतो, म्हणजे लिहायचं मराठीत आणि वाचायचं इंग्रजीत! भाषा मोकळी करायची तर प्रोवर जा. आईला एक बटण मराठीत वाचता यावं म्हणून ग्रुप पॉलिसीचे पैसे भरायचे, हे काही मला झेपेना.

तसा एडिशनचा हा गोंधळ जुनाच. २००१ साली एक्सपी आली तेव्हा होम आणि प्रोफेशनल, हिशेब सोपा होता. २००७ च्या व्हिस्टात होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, अल्टिमेट अशी मिसळीसारखी यादी. आणि २००९ च्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर डेस्कटॉपवरचं चित्रही बदलता यायचं नाही. नातवाचा फोटो लावायला वरचं एडिशन घ्या!

सी विंगमधल्या एका मित्राने लिनक्सचा फार आग्रह केला. फुकट, मराठीत, आणि आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं ‘बॉस’ आहेच. सगळं खरं. पण मी नसताना आई शेजारी हाक मारणार आणि शेजारच्या काकूंना विंडोजच येतं. माझ्यासाठी तिथेच विषय संपला.

शेवटी डेस्कटॉप असेंबल करून घेतला आणि पूर्ण होमचं लायसन्स वेगळं विकत घेतलं. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली, साइन आउट करून परत आत आलो, मेनू मराठीत. सगळं शंभर टक्के मराठी होत नाही, मधेमधे इंग्रजी डोकावतंच. २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच येतो. रोमनमध्ये उच्चार टाइप केला की देवनागरी शब्द पुढ्यात. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मात्र मुद्दाम आईच्याच नावाने उघडलं. डिस्क एन्क्रिप्ट झाली तर रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. ती माझ्याकडे कशाला?

पहिल्या महिन्यात विजेचं बिल तिनेच भरलं, मला नंतर कळलं. सध्या ती शाळेत असताना बसवलेल्या बालनाट्यांच्या जुन्या वह्या टाइप करतेय. दोन वह्या झाल्यात, पाच बाकी आहेत. पासवर्ड काय ठेवलाय ते सांगत नाही.