आधी ऐकायचं, मग कलम

भावोजी हवाई दलातून निवृत्त झाले आणि ताईचं बिऱ्हाड लखनौजवळच्या बख्शी का तालाबलाच राहिलं. भाची राज्यशास्त्र-मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली, मग वकील. "या तिन्हींचा मेळ बसतो का गं?" मी तिला चिडवायची.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे असताना शेजारची एक बाई आली. कडेवर मूल. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. रुमालाच्या गाठीत फीसाठी आणलेली कर्णफुलं. भाचीने आधी चहा दिला, अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. रडणं थांबल्यावर म्हणाली, "दीदी, गाठ सोडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला वकील मोफत मिळतो. मिळकतीची अट नाही. उद्या जिल्हा प्राधिकरणात अर्ज देऊ."

ताईचा चेहरा उतरला. महिनाभर लेकीच्या हाती फी पडली नव्हती.

रात्री भाची म्हणाली, "मावशी, हक्क काय ते राज्यशास्त्राने शिकवलं. घाबरलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही, हे मानसशास्त्राने."

त्यानंतर मी तिला कधी चिडवलं नाही.