आजीचा डबा



मागच्या अंकासाठी संपादकांनी "काहीतरी लिहा हो" म्हणून दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा आम्ही टाळले. कारण तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणच होत नव्हते. तिथे सर्किट बोर्ड, वायरी आणि सोल्डरिंगचे सामान पसरले होते, आणि आम्ही चौघे सोफ्यावर ताटल्या मांडीवर घेऊन जेवत होतो. त्या टेबलाची ही हकीगत. मुलांनो, मधला भाग अवघड वाटला तर आईबाबांना विचारा. त्यांनाही अवघड वाटला तर मधल्या सुट्टीत आम्हाला गाठा.

आमची आजी वाईला असते. वय ८४. कान शाबूत आहेत, पण दोन वर्षांपासून डोळ्यांना फारच कमी दिसते. फोनवर बोट कुठे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून नातवंडांचा आवाज ऐकायचा तर शेजारच्या काकू येईपर्यंत थांबायचे. आणि आजीला कोणाचे मिंधे व्हायला आवडत नाही. तेव्हा आम्ही ठरवले, एक डबा करायचा. त्यावर एकच मोठे बटण. दाबले की नातवंडे बोलायला लागतील: वर्गात शिकलेल्या गोष्टी, पाढे, झालेच तर भांडणेही. आपल्या वर्गातले एक कुटुंब तीन आठवड्यांनी पुण्याला निघाले होते. ते डबा न्यायला तयार झाले. (बॅगेत दुसऱ्याच्या सामानाला जागा देणारी माणसे किती थोर, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.)

"बाजारात तयार मिळत नाही का?" असे काही जणांनी विचारले. मिळते, पण त्याला सात-आठ बारीक बटणे असतात. शिवाय, खरे सांगायचे तर, जुन्या कामातला एक बोर्ड घरी पडून होता आणि आम्हा दोघांना हौस होती.

त्या बोर्डावर ॲटमेलची सॅम९जी२० ही चिप आहे आणि तिच्यावर लिनक्स चालते. आवाज काढणारी चिप वेगळी, डब्ल्यूएम८७३१ नावाची. या दोघींना जोडतो तो सिंक्रोनस सिरियल पोर्ट. सिरियल म्हणजे सगळे बिट एका तारेवरून, एकामागून एक. सिंक्रोनस म्हणजे काय, ते आपल्या लेझीमवाल्या मुलांना लगेच समजेल. हलगी वाजते, आणि प्रत्येक ठोक्याला एक हालचाल. इथेही एका तारेवर नुसते ठोके येतात आणि प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या तारेवरून एक बिट पुढे सरकतो. जुन्या मोडेमच्या पोर्टला अशी हलगी नसे. दोन्ही बाजूंनी वेग आधी ठरवून घ्यायचा आणि मग आपापल्या मनात मोजत बसायचे. आवाजासाठी मात्र सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन कान. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० ठोके.

कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यात एकेका उपकरणाची माहिती असलेला जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. या पोर्टचा ड्रायव्हर ॲटमेलने २००७ साली लिहिलेला आहे. तो कर्नेलमध्ये कुठे ठेवला आहे? 'किरकोळ' या अर्थाच्या कप्प्यात! याचे आम्हाला आधी हसू आले, पण मग पटले. या पोर्टातून आवाजही जातो आणि दुसरेही काही जाऊ शकते, मग त्याला आवाजाच्या कप्प्यात कसे टाकायचे? तो ड्रायव्हर करतो तरी काय? खोलीची किल्ली सांभाळतो. कोणी पोर्ट मागितला की मोकळा असेल तर देतो, नसेल तर "वापरात आहे" म्हणतो. बाकी ठोके कसे मोजायचे, कधी सुरुवात करायची, ते मागणाऱ्याने बघावे. ते मागणारे आम्ही. वरचा भाग आम्ही आमच्या बोर्डाच्या जोडणीप्रमाणे लिहिला.

पहिला आठवडा नुसती शांतता. बटण दाबले तरी काहीच नाही. पोर्ट ठोक्याची वाट पाहत होता, आणि आवाजाची चिपही ठोक्याचीच वाट पाहत होती. त्या चिपला मुद्दाम सांगावे लागते की हलगी तू वाजव. ते सांगायचे आम्ही विसरलो होतो. दोघींनी लेझीम हातात धरलेली आणि हलगी खाली पडलेली! ते दुरुस्त केले, तर ड्रायव्हर म्हणाला "वापरात आहे". आमचाच आधीचा प्रयोग किल्ली परत न करता निघून गेला होता. यात आणखी एक संध्याकाळ गेली. ती कोणामुळे गेली यावर घरात अजून एकमत नाही.

आणि मग आवाज आला. पण कसा? गरम तेलात ओले पोहे टाकावेत तसा. थोरल्याची सिंहाची गोष्ट म्हणजे नुसता तडतडाट. निघायला पाच दिवस उरले होते. वायरी बदलल्या, सोल्डर पुन्हा केले, रात्री दीड-दीडपर्यंत जागलो. शनिवारी सकाळी धाकटी टेबलाशी येऊन म्हणाली, "आई, बाबा, माझा चांगला येतोय की! दादाचाच फाटतोय."

खरेच की. धाकटी बोलते पुटपुटल्यासारखे, आणि तिचे बोलणे स्वच्छ, उलट थोडे मोठेच येत होते. थोरला ओरडून बोलतो, त्याचे फाटत होते. म्हणजे वायरींचा दोष नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि कागद-पेन्सिल घेतली.

डावा-उजवा सांगणारी एक तिसरी तार असते. फिलिप्स कंपनीने १९८६ साली आवाज पाठवण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यात त्या तारेने इशारा दिल्यावर पहिला बिट लगेच पाठवायचा नाही. एक ठोका सोडायचा. लेझीम शिकवताना बाई "उजवीकडे" म्हणतात आणि पाऊल पुढच्या ठोक्याला पडते, तसे. आमच्या पोर्टला आम्ही उशीर सांगितला होता शून्य. त्यामुळे आमचा पहिला बिट वाया जात होता, आणि ऐकणारी चिप दुसऱ्यालाच पहिला समजत होती. म्हणजे प्रत्येक आकडा दुप्पट! धाकटीचा ३,००० चा आकडा ६,००० झाला, आवाज जरा वाढला, बिघडले काहीच नाही. पण थोरल्याच्या २०,००० चे ४०,००० व्हायला हवेत आणि १६ बिटांत ३२,७६७ च्या वर जागाच नाही. मग तो आकडा गर्रकन फिरून उणे २५,५३६ होतो. असे सेकंदाला शेकडो वेळा झाले की तडतडणारच.

शून्याचा एक केला. एक अंक. थोरल्याचा सिंह इतका मोठ्याने गरजला की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू चौकशीला आले. डबा बुधवारी रात्री बॅगेत गेला.

दहा दिवसांनी काकूंच्या फोनवरून आजी बोलली. बटण सापडते, दुपारी निजण्यापूर्वी रोज ऐकते म्हणाली. मग म्हणाली, "थोरला फार घाई करतो रे. आणि धाकटीला अजून ळ येत नाही. 'कावळा' नाही म्हणत, 'कावला' म्हणते. शाळेत बाई सांगत नाहीत का?"

बाई सांगतात हो, दर आठवड्याला सांगतात. आता घरीही रोज सराव चालू आहे आणि नवे ध्वनिमुद्रण जवळजवळ तयार आहे. दिवाळीत सातारा-वाईकडे कोणी जाणार असेल तर कृपया कळवावे. या वेळी फक्त मेमरी कार्ड पाठवायचे आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढे असते, वजन काहीच नाही.