भुयाराची मापं

जुलै २०१५. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं एकाच मोबाइलवर वाकून सीसीटीव्हीची क्लिप बघत होतो. मेक्सिकोतल्या आल्तिप्लानो तुरुंगात एक माणूस कोठडीत येरझाऱ्या घालतो, शॉवरच्या आडोशाला वाकतो आणि गायब होतो. खाली भुयार. दीड किलोमीटर लांब, आत दिवे, हवेची सोय, रुळांवर चालणारी मोटरसायकल. आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

तो होता होआकिन गुझमान, उर्फ एल चापो, म्हणजे बुटका. सिनालोआच्या डोंगरातल्या ला तूना गावचा, गरीब घरातला. अफूच्या शेतातून सुरुवात करून सिनालोआ कार्टेलच्या म्होरक्यापर्यंत पोचला. २००१ मध्येही तुरुंगातून पळाला होता. २००९ मध्ये फोर्ब्सच्या अब्जाधीशांच्या यादीत आला. पुढे सिरीज आल्या, मी रात्र रात्र जागून बघितल्या. कुणी विषय काढला की भुयाराची मापं मी तोंडपाठ सांगायचो.

एका रात्री लॉस मोचिसबद्दल वाचत होतो. जानेवारी २०१६ मध्ये आरशामागच्या दारातून गटारात उतरूनही चापो शेवटी तिथेच पकडला गेला. वाचता वाचता त्याच भागातल्या बायका भेटल्या. मिर्ना मेदिना यांचा मुलगा रोबेर्तो जुलै २०१४ मध्ये बेपत्ता झाला. त्यांनी स्वतःच फावडं उचललं, इतर आयांना गोळा केलं. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा. कुजका वास आला की खणायचं. हरवलेल्या मुलांना त्या 'खजिना' म्हणतात. रोबेर्तोचे अवशेष सापडायला तीन वर्षं लागली.

चापोच्या भुयाराचा इंच न् इंच मला पाठ होता. या खणण्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने चापोला जन्मठेप आणि वर ३० वर्षं दिली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंद २०२२ मध्ये एक लाखावर गेली, आणि २०२४ मध्ये त्याच्या कार्टेलचेच दोन गट सिनालोआत एकमेकांवर तुटून पडले. म्होरक्या गेला, सळया अजून ठोकल्या जाताहेत.

परवा धाकट्या चुलतभावाने तीच क्लिप पाठवली. "दादा, कसला भारी ना?"

मी दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. मग फोनच लावला आणि रोबेर्तोपासून सुरुवात केली.