हिवराचे झाड

लोणारला आम्ही किती वेळा गेलो असू, याची मोजदाद नाही. आम्ही हिवरा आश्रमचे. विवेकानंद आश्रमामुळे आमच्या हिवऱ्याला ‘आश्रम’ हे उपपद जडले, आणि मेहकरमार्गे लोणार हे घरी पाहुणे आले की दाखवून आणायचे ठिकाण झाले. धारेवर हातपाय धुवावेत, पायऱ्यांनी उतरावे, रामगया पाहावी, कमळजा देवीला जावे, सरोवराच्या खाऱ्या पाण्यात हळद लाल झालेली दाखवून मुलांना चकित करावे आणि आल्या वाटेने धापा टाकीत वर यावे. एवढ्या भांडवलावर आम्ही लोणार जाणतो असे समजत होतो.

२०१९ च्या जानेवारीत आमचे सर बरोबर होते. महानुभाव गद्य आम्ही त्यांच्यापाशी शिकलो. गुडघ्यांमुळे त्यांना उतरणे शक्य नव्हते. धारेजवळच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारले, “वाघ महादेवाकडे कधी गेला आहात?” आम्ही कोणीच गेलो नव्हतो. “मग आज जा. आणि आल्यावर देवळाचे नको, वाटेचे सांगा.”

लोणारवरचे बहुतेक लेखन उल्केपासून सुरू होते व उल्केपाशीच संपते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, पुढे ते आघाताने झाल्याचे सिद्ध झाले, पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानलेले त्याचे वय नंतरच्या संशोधनाने पावणेसहा लाखांच्या घरात नेले, वगैरे. सारे खरे आहे. परंतु या आकड्यांच्या काठाने एक अरण्य उभे आहे आणि त्यात पायवाटा आहेत, हे आमच्याही ध्यानात कधी आले नव्हते. अभयारण्य म्हटले तरी ते अवघे ३.६५ चौरस किलोमीटर. गावाची घरे संपतात न संपतात तोच ते सुरू होते. एवढ्याशा रानात वाट चुकणार ती कशी? वर कडा, खाली पाणी, मध्ये आपण. असा आमचा हिशेब होता.

नेहमीची वाट सोडून शंभरेक पावले गेलो असू, आणि पाणी दिसेनासे झाले. काठाशी विलायती बाभळीचे असे दाट कुंपण माजले आहे की दहा हातांवर सरोवर असले तरी कळू नये. वरचा कडाही झाडीआड गेला. पायवाट दोन ठिकाणी फुटली, मग तीन. एका वाटेने गेलो ती काट्यांत संपली. दुसरीने गेलो तो पुन्हा त्याच दगडापाशी आलो. मोरांचे ओरडणे चहूंकडून येत होते, त्यामुळे दिशेचा उरलासुरला आधारही गेला. इथे बिबट्याचा वावर आहे, ही ऐकीव माहिती नेमकी तेव्हाच आठवावी!

देवीचे दर्शन करून परतणाऱ्या एक आजी भेटल्या. “वाट चुकले काय बापू?” त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता हात केला. “तो हिवर दिसते ना, तठून उगवतीकडे व्हा. चिचा उजव्या हाताले ठेवा. मंग पायऱ्या भेटतीन.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. “आजी, हिवर कोणता?”

“गाव कोन्तं तुमचं?”

आम्ही गाव सांगितले. आजी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले.

हिवराच्या झाडावरून ज्या गावाचे नाव पडले असावे, त्या गावात आमचा जन्म गेला आणि हिवर आम्हाला ओळखता येत नव्हता. बाभळीच्याच कुळातला तो. पण बाभळीची साल काळी, खरबरीत, तर याची फिकट, पांढुरकी. आजींनी नखाने खरवडून दाखवली. निसर्गवर्णनाचे रसग्रहण कसे करावे, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवत होतो.

सांगितल्या खुणांनी गेलो आणि पायऱ्या खरोखरच भेटल्या.

वर आल्यावर सरांनी विचारले, “हं, सांगा.” आम्ही घनदाट झाडी म्हणालो, गूढ शांतता म्हणालो, हिरवी कमान म्हणालो. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे तुम्हाला घरी बसूनही लिहिता आले असते.” आजींचा किस्सा सांगितला तेव्हा मात्र ते सावरून बसले. तिचे वाक्य त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. “ही स्थानपोथीची रीत झाली,” ते म्हणाले.

स्थानपोथी आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मेहकर येते, लोणारही येते. आणि ते जिथे राहिले, जिथे बसले, ती ठिकाणे देवळाच्या तोंडावरून आणि दिशांवरून नोंदवून ठेवणारा हा ग्रंथ. त्याचे संपादन करणारे वि. भि. कोलते आमच्याच जिल्ह्यातल्या नरवेलचे. विद्यार्थ्यांना तो रुक्ष वाटतो, आम्हालाही वाटला होता. विशेषणे जवळजवळ नाहीतच. पण स्वामी गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांना त्या जागी पुन्हा जाऊन उभे राहायचे होते. त्यांना विशेषणांचा काय उपयोग?

पुढच्या रविवारी आम्ही वही घेऊन पुन्हा उतरलो. हिवरापासून चिंचा किती, दगड कोणत्या हाताला, वाट फुटते तिथे काय, असे दोन पाने लिहून सरांना घरी वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच थांबवून म्हणाले, “चिंचा ओलांडल्या, पायऱ्यांशी आलो. पायऱ्या किती?”

आम्ही मोजल्या नव्हत्या.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि लोणार सगळीकडे गाजले. त्याच वर्षी रामसर यादीत त्याचा समावेश झाला. त्यानंतर सरोवराची पातळी वाढत गेली, काठची काही देवळे पाण्याने वेढली गेली. सर आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात आम्ही हिवरापर्यंत गेलो, चिंचा उजव्या हाताला ठेवल्या. वरच्या अकरा पायऱ्या दिसतात. पुढे पाणी आहे.