एकजीव कीं नुसते चिकटलेले?

भिन्न गुणांचे पदार्थ एकत्र जोडून बळकट वस्तु निर्माण करण्याची युक्ति मनुष्यास प्राचीन काळापासून अवगत आहे. आपल्या पेण-रोह्याकडील कुडाची भिंत हें तिचें उत्तम उदाहरण होय. आंत कारवीच्या काठ्या, त्यांवर पेंढा घालून मळलेली माती आणि वर शेणाचें सारवण. माती दाब सोसते, काठी व पेंढा ताण सोसतात. प्लॅस्टरच्या गणेशमूर्तींत काथ्या घालतात, तो ह्याच हेतूनें.

परंतु अशा वस्तूचें वैगुण्यहि तिच्या थरांतच असतें. ओल व ऊन लागतां प्रत्येक पदार्थ आपापल्या मानानें फुगतो व आकसतो. हा फरक मधल्या सांध्यास सोसावा लागतो. सांधा शिणला म्हणजे तेथें बारीक चीर पडते. तिच्या टोंकाशीं ताण एकवटतो आणि ती आंतल्या आंत पुढें सरकते. बाहेरून मात्र सर्व कांहीं गुळगुळीत दिसतें.

रोह्याकडे शिक्षक असतांना एका आषाढांत एक वृद्ध गवंडी आमच्या वर्गाची भिंत बोटाच्या पेरानें ठोकीत गेला. एके ठिकाणीं आवाज पोकळ आला. तेथें ना तडा होता, ना डाग. तरी तो म्हणाला, "मास्तर, पोरांना हितं बसवूं नका." आम्हीं बाकें हलविलीं. तिसऱ्या रात्रीं गिलाव्याचा भला मोठा पापुद्रा नेमका तेथेंच कोसळला. सकाळीं तो ढिगारा पाहून वर्गांत कोणाच्याहि तोंडून शब्द निघेना.

दुसऱ्या महायुद्धांतील 'मॉस्किटो' विमानें पातळ फळ्यांचे थर चिकटवून बनविलेलीं असत. १९४४ सालीं हिंदुस्थानांत त्यांपैकीं कांहींच्या पंखांचे चिकट सांधे सुटल्याचें आढळलें. २०११ सालीं प्रवासी वाहतुकीस लागलेल्या बोइंग ७८७ विमानाचें सुमारें निम्में वजन अशाच जोड-पदार्थांचें, मुख्यतः कार्बनतंतूंच्या थरांचें, आहे. अशा थरांवर एखादें हत्यार पडलें, तर वर खूण न उमटतां आंतील थर सुटूं शकतात. म्हणून तंत्रज्ञ ध्वनिलहरींनीं तपासणी करतात. कधीं साध्या नाण्यानें ठोकूनहि ऐकतात. आमच्या गवंड्याचें पेर दुसरें काय करीत होतें?

विद्यार्थी मित्रहो, पावसाळा सरण्याची वाट न पाहतां घरच्या भिंती एकदां ठोकून पाहा. आवाज भरीव आला तर उत्तमच. पोकळ आला तर वडिलांस सांगा आणि तेथील अंथरूण त्याच दिवशीं हलवा.