वजन चाकांवर आल्यावर

आमची गाडी बारा वर्षांची. आम्हा दोघांच्या शाळा मिरजेपासून अठरा-वीस किलोमीटरवर, एकाच रस्त्याला. उसाच्या ट्रॅक्टरांनी त्या रस्त्याची काय दशा केली आहे, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात पुढच्या चाकाकडून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. आधी खड्ड्यात, मग गतिरोधकावर, शेवटी नुसता ब्रेक दाबला तरी. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. अम्मींना दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. मागच्या सीटवरून त्या म्हणायच्या, ‘‘गड्डा आया तो बोलो रे, मैं पकड के बैठती.’’

गॅरेजवाल्याने गाडी उचलूनही न बघता साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला. शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, सगळंच बदला म्हणाला. आम्ही ‘बघू’ म्हणून परत आलो. त्या संध्याकाळी थोरल्याने गाडीखाली डोकं घातलं, लोअर आर्मपाशी टॉमी अडकवून हलवली आणि म्हणाला, ‘‘अब्बू, शॉकअप कोरडे आहेत, बॉल जॉइंट घट्ट आहेत. नुसते बुश गेलेत. सुट्टीत घरीच करू.’’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. थोरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे आम्ही चारचौघांत फारसं बोलत नव्हतो. बारावीचा निकाल लागला आणि आठ दिवसांत आम्ही त्याला इंजिनिअरिंगला घातलं. दोघंही बी.एड., दोघंही शिक्षक, तेव्हा मुलाचं भलं आम्हालाच कळतं अशी आमची खात्री होती. वर्षभराने तो परत आला आणि स्वतःच आयटीआयचा अर्ज भरला. लग्नकार्यात कुणी विचारलं, की आम्ही म्हणायचो, ‘‘टेक्निकल करतोय.’’ तो जवळच उभा असला तरीही.

दिवाळीच्या सुट्टीत, परतीचा पाऊस थांबल्यावर, अंगणात काम काढलं. बुश म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मधे घट्ट चिकटवलेलं रबर. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला या बुशांवरच जोडलेला असतो. चाक वर-खाली झालं की रबर थोडं पिळतं आणि पुन्हा सरळ होतं. रबर फाटलं की आर्म जागेवर राहत नाही, म्हणून आवाज, म्हणून गाडीचं ओढणं आणि टायरचंही वेडंवाकडं झिजणं. चारही बुश हजाराच्या आत आले.

हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. उजवी बाजू फरशीवर होती, ती नीट झाली. आर्म निघाला. व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट धरून त्याने जुना बुश दाबून बाहेर काढला. नवा बसवण्याआधी जुना कोणत्या दिशेने होता, त्याची खूण पाहिली. बाहेरून साबणाचं पाणी लावलं. ‘‘ऑइल, ग्रीस नको, रबर खराब होतं,’’ म्हणाला. दोन्ही बोल्ट लावले, पण हातानेच, थोडे सैल.

डाव्या बाजूला माती होती. तो साबणाचं पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात वेळ वाचवायचा म्हणून आम्ही जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. तो आला. काही न बोलता काढलेलं चाक त्याने आडवं करून गाडीखाली सरकवलं. आम्ही हसलो, ‘‘अरे, दोन मिनिटांचं काम!’’ त्याने स्टँड उचलायला हात पुढे केला आणि ओली काळी माती खचली. जॅक कलंडला. गाडी धप्पकन त्या आडव्या चाकावर बसली. आमच्यापैकी एकाचा हात क्षणापूर्वीच आतून बाहेर आला होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, ‘‘जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.’’ मग जाड फळी आणली, जॅक तिच्यावर ठेवला आणि गाडी पुन्हा उचलून आधी स्टँड लावला. त्यानंतर आम्ही तो सांगेल तेवढंच केलं. पाना दे म्हटलं की पाना, बॅटरी धर म्हटलं की बॅटरी.

असरच्या सुमारास दोन्ही चाकं चढली. बोल्ट मात्र अजून सैलच. आम्ही विचारलं, ‘‘आत्ताच का नाही आवळत? गाडी वर असताना हात पोचतो की.’’ त्याने गाडी खाली घेतली, दोन वेळा दाबून हलवली आणि पुढची चाकं हळूच दोन जाड फळ्यांवर चढवली. मागच्या चाकांना पुन्हा दगड लावले आणि मग सांगितलं, ‘‘गाडी उचललेली असताना आर्म लोंबकळत असतो. तसाच आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. नवं असलं तरी थोड्या दिवसांत फाटतं. वजन चाकांवर आलं, आर्म आपल्या जागेला बसला, की मग आवळायचं.’’

आणि आयटीआयच्या सरांकडून मागून आणलेल्या टॉर्क पान्याने त्याने एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक वेळी ‘कट्’ झालं की थांबायचा. त्याहून जास्त जोर नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. निकाल हातात पडून आठ दिवस झाले नव्हते, पोराला स्वतःच्या पायांवर उभं राहू दिलं नव्हतं, आणि आम्ही सगळं आवळून मोकळे झालो होतो. वर्गात चाळीस-चाळीस मुलं सांभाळणाऱ्यांना हे घरात दिसलं नव्हतं.

वाचकांना एवढंच सांगू, की जाणता माणूस सोबत नसेल तर हे काम घरी करू नका. स्टँडशिवाय गाडीखाली हातही घालू नका. आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्याच. आम्ही दुसऱ्या दिवशी केली.

त्या महिन्यात अम्मी गाडीत बसल्या. चौकातला गतिरोधक गेला, पुलाअलीकडचा खड्डा गेला. अम्मी म्हणाल्या, ‘‘आज दूसरे रस्ते से लाया क्या?’’

शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, गाडीचा आवाज गेला वाटतं, कुठे दाखवली? आम्ही म्हणालो, ‘‘आमचा थोरला मोटार मेकॅनिक शिकतो. त्याने केली.’’