सचिव म्हणून वाचलेले निबंध

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेले तरुण प्राध्यापक हल्ली मला विचारतात, "मॅडम, परिषदेचं पद घेऊन मिळतं काय?" प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्या आणि जमेल तसं संशोधन करणाऱ्या मंडळींची आमची एक परिषद आहे. तिच्यात मी आधी स्थानिक सचिव, मग सहसचिव आणि पुढे सचिव म्हणून काम केलं. या काळात मला जे काही मिळालं, ते दुसऱ्यांचे निबंध वाचताना मिळालं. पद हातात होतं म्हणून ते वाचणं माझं कर्तव्य झालं, आणि त्या कर्तव्यानेच मला संशोधक म्हणून घडवलं.

आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. इथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. आमच्यासारख्या महाविद्यालयांत इतिहासाचा विभाग म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस. तोच तिन्ही वर्षांचे तास घेतो, पेपर तपासतो, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर नेतो, नॅकच्या फायली लावतो आणि निवडणूक आली की मतदान केंद्रावरही जातो. संशोधन करायचं ते यातून उरलेल्या वेळात. आपण लिहिलेलं दाखवावं, त्यावर दोन शब्द ऐकावेत, असा आपल्या विषयाचा दुसरा माणूस त्याला गावात भेटत नाही. ग्रंथालयात पुस्तकं कमी असणं एक वेळ चालतं, पण वाचणारा सहकारी नसणं फार जाचतं.

खरं तर अभ्यासाचं साहित्य आमच्या अवतीभवती पसरलेलं आहे. हिंगोली शहरातून नुसता फेरफटका मारला तरी रिसाला बाजार, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावं भेटतात. इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. घोडदळ कुठे राहायचं, पायदळ कुठे, तोफा कुठे आणि नोकरी संपलेले शिपाई कुठे वसले, हे वस्त्यांची नावं आजही सांगतात. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे तेव्हाचा इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचं राज्य, हाली सिक्का आणि करोडगिरीचे नाके. संत नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यातली. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंदे यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्राण दिले, त्यांच्या स्मरणार्थ वसमतचं महाविद्यालय उभं आहे. एवढं सगळं हाताशी असताना त्यावर लिहिणारा माणूस एकटा पडू नये, यासाठी परिषद लागते.

हा विचार काही माझा नवा नाही. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि लिहिलेलं चार जाणत्यांसमोर वाचायचं, मग छापायचं, ही रीत मराठी संशोधनात रुळली. भारतीय इतिहास परिषदेचं पहिलं अधिवेशनही १९३५ मध्ये पुण्यातच भरलं. नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२ चा, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचा. ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे. मोठं विद्यापीठ पाठीशी नसताना महाविद्यालयातला शिक्षक केवढा अभ्यास करू शकतो, हे आमच्या भागाने त्यांच्या रूपाने पाहिलं आहे. त्यांचं लेखन महाराष्ट्रभर वाचलं गेलं आणि त्यावर वादही झाले. अभ्यासकाला असा वाचक मिळावा लागतो.

परिषदेत माझा प्रवेश स्थानिक सचिव म्हणून झाला. वार्षिक अधिवेशन आमच्या महाविद्यालयाने घ्यायचं ठरलं आणि विभागप्रमुख सर म्हणाले, "तुम्हीच सांभाळा, मी पाठीशी आहे." पाहुण्यांच्या निवासाची सोय, सकाळचा नाश्ता, बस स्थानकावरून आणायला गाडी, पिशवीत वही-पेन आणि स्मरणिका, व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम, हे सगळं स्थानिक सचिवाकडे असतं. हे काम हलकं नाही. दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला वेळेवर गरम जेवण आणि स्वच्छ खोली मिळाली, तरच त्याचं मन चर्चेत लागतं.

पण त्या अधिवेशनात मला एक गोष्ट फार खटकली. उद्घाटन लांबलं, सत्कार लांबले, बीजभाषण उशिरा सुरू झालं आणि निबंधवाचनाची सत्रं संध्याकाळवर गेली. सेनगावकडचा एक तरुण अध्यापक सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर निबंध घेऊन आला होता. गावोगाव फिरून त्याने म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या, नाक्यांच्या जागांचा हाताने नकाशा काढला होता. त्याच्या वाट्याला पाच मिनिटं आली. तोवर सभागृहातले बरेच लोक एसटी गाठायला निघून गेले होते. त्याने नकाशा उघडला, सत्राध्यक्षांनी घंटी वाजवली आणि त्याने तो पुन्हा घडी करून ठेवला. रात्री जेवणानंतर परिषदेतले एक ज्येष्ठ संशोधक त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरायला लावला आणि एकेका नाक्याबद्दल विचारलं, "हे कोणी सांगितलं? त्या माणसाचं तेव्हा वय काय? लेखी काही आहे का?" भांडी आवरून झाली तरी दोघांचं बोलणं चालूच होतं. अधिवेशन म्हणतात ते हेच, असं मला त्या रात्री वाटलं. दिवसभराचा कार्यक्रम अशाच बोलण्यासाठी आखायचा असतो, हे मी मनाशी पक्कं केलं.

पुढे सर्वसाधारण सभेत सहसचिव म्हणून माझी निवड झाली. हे पद कागदांचं. आजीव सभासदांची यादी अद्ययावत ठेवायची, सभेची सूचना मुदतीत पाठवायची, इतिवृत्त लिहायचं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करून घ्यायचं. परिषद नोंदणीकृत संस्था असल्याने दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की पुढच्या कार्यकारिणीला बँकेत सही बदलायलाही अडचण येते, आणि अशा अडचणीत चांगल्या संस्था वर्षानुवर्षं अडकून पडतात. आमचे कोषाध्यक्ष सर चहाच्या खर्चाचीसुद्धा पावती मागायचे. त्यांच्या त्या शिस्तीमुळेच सभासदांनी दिलेल्या वर्गणीवर कधी कोणी शंका घेतली नाही. संशोधकांच्या संस्थेला हिशेबही पुराव्यानिशी द्यावा लागतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

सचिव झाले तेव्हा काळ वेगळा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय आणला. बढतीसाठी गुण, गुणांसाठी निबंध, असं गणित सुरू झालं. आयएसएसएन क्रमांक छापलेलं आणि पैसे भरले की चार दिवसांत निबंध छापणारं कसलंही नियतकालिक चालू लागलं. त्याला आळा म्हणून आयोगाने २०१९ मध्ये केअर यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही थांबवली. नियम बदलत राहिले, पण निबंध कोणीतरी नीट वाचला पाहिजे ही गरज बदलली नाही. म्हणून कार्यकारिणीत आम्ही ठरवलं, की निबंध अधिवेशनाच्या दोन महिने आधी यावा, तो दोघांनी वाचावा आणि शेरे लिहून लेखकाकडे परत पाठवावा. विरोध झाला. "इतक्या कडकपणाने लोक यायचे बंद होतील," असं काही सभासद म्हणाले, आणि त्यांची काळजी खरी होती. पहिल्या वर्षी निबंध कमी आलेही. पण आलेल्या प्रत्येकाला सभागृहात पुरेसा वेळ देता आला, आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारणारे लोक समोर बसलेले होते.

त्या व्यवस्थेचं मोल मला एका निबंधाने दाखवलं. एका अध्यापिकेने गावातल्या जुन्या घराण्याकडून निजामी अमलातला एक उर्दू हुकूम मिळवला होता. त्यावर साल होतं १३५७. तिने ते हिजरी धरलं, म्हणजे १९३८, आणि कागदाचा संबंध त्या वर्षीच्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाशी जोडला. मांडणी सुबक होती, भाषा चांगली होती, तर्कही पटत होता. आम्ही तो निबंध उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त सरांकडे वाचायला पाठवला. त्यांनी कागदाच्या प्रतीत सालाआधीच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. तो शब्द होता 'खुरदाद'. हिजरी सालाचे महिने मोहरम, सफर असे असतात. खुरदाद हा हैदराबाद राज्याच्या फसली पंचांगातला महिना, आजूरपासून मोजलं तर सातवा, म्हणजे एप्रिलच्या सुमाराचा. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि आजूर ऑक्टोबरात सुरू होत असल्याने १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. तेव्हा हा हुकूम एप्रिल १९४८ चा ठरला, पोलिस कारवाईच्या अवघ्या काही महिने आधीचा.

एका शब्दाने कागद दहा वर्षं पुढे सरकला आणि त्याचा अर्थच पालटला. रझाकारांची दहशत ऐन भरात असताना एका गावाला काय बजावलं जात होतं, याचा तो लेखी पुरावा होता. त्या अध्यापिकेने निबंध मुळापासून पुन्हा लिहिला, गावात जाऊन आणखी माणसांशी बोलली आणि पुढच्या वर्षी तो वाचला. न वाचता छापला असता, तर चुकीचं साल पुढच्या दहा निबंधांत संदर्भ म्हणून गेलं असतं. आणि तिच्या मेहनतीला तिचं खरं फळ कधी मिळालं नसतं.

त्यानंतर परिषदेने मोडीबरोबर उर्दू वाचनाची कार्यशाळाही सुरू केली. मराठवाड्यात मोडी शिकणारे पुष्कळ भेटतात, पण निजामी काळातलं सरकारी दप्तर मोठ्या प्रमाणावर उर्दूत आहे. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात गेलं तरी आणि तहसिलात जुने सेतवार काढले तरी उर्दूशिवाय पाऊल पुढे पडत नाही. कार्यशाळेत ज्येष्ठ मौलवीसाहेब फळ्यावर अक्षर काढायचे आणि पन्नाशीतले प्राध्यापक वहीत गिरवायचे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. आमच्या कार्यशाळेत बसलेल्यांना ती आधीच कळली होती.

कार्यकारिणीत जिल्ह्याच्या मोठ्या गावांची माणसं सहज येतात, कारण त्यांना सभेला येणं-जाणं सोपं असतं. तालुक्याच्या गावचा माणूस यावा, बाई यावी, यासाठी ठरवून प्रयत्न करावा लागतो. आम्ही काही बैठका तालुक्याच्या महाविद्यालयांत घेतल्या, वेळ दुपारची ठेवली, म्हणजे संध्याकाळच्या गाडीने घरी पोचता येईल. सभेचं पत्र प्राचार्यांच्या नावे आधीच गेलं की कर्तव्य रजेचा प्रश्न उरत नाही. या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत, पण त्या केल्यामुळे कळमनुरी आणि औंढ्याच्या अध्यापिका बैठकीला येऊ लागल्या, आणि कोणाचे निबंध कोणी वाचावेत हे ठरवताना त्यांचा शब्द चालू लागला.

माझी मुदत संपली तेव्हा पुन्हा उभं राहा, असा आग्रह झाला. मी नम्रपणे नाही म्हटलं. एकाच माणसाच्या हाती कारभार फार दिवस राहिला की बाकीचे सभासद पाहुणे होतात. नवे सचिव निवडताना आम्ही एक रीत पाडली आहे: ज्यांनी आधी दोन-तीन वर्षं इतरांचे निबंध मन लावून वाचले आणि शेरे लिहिले, त्यांचं नाव आधी पुढे करायचं. आजचे सचिव याच रीतीने आले. करोडगिरीचा नकाशा घेऊन आलेला तोच तो अध्यापक. त्याच्या कारकिर्दीत पहिला निबंध संध्याकाळवर जात नाही, सकाळी होतो.

म्हणून नव्या मित्रमैत्रिणींना मी सांगते, की पदाची वाट पाहू नका. परिषदेचे सभासद व्हा आणि सचिवांना एक पत्र लिहा, "या वर्षी मला दोन निबंध वाचायला पाठवा." ते लक्षपूर्वक वाचा, साल तपासा, साधन तपासा, आणि लेखकाला दुखवणार नाही पण खरं असेल ते लिहा. हिंगोलीच्या छावणीचा इतिहास, पैनगंगेकाठच्या नाक्यांचा इतिहास, वसमतच्या हळदीच्या बाजाराचा इतिहास अजून सविस्तर लिहायचा आहे. ज्यांनी तो लिहायचा ते आज आमच्याच महाविद्यालयांत एकट्याने विभाग चालवताहेत. त्यांना वाचक मिळवून देणं हेच परिषदेतल्या प्रत्येक पदाचं पहिलं काम, आणि ते आनंदाने करणारा माणूस कोणत्याही तालुक्यातून आला तरी तोच आमचा पुढचा सचिव.